हाय-पॉवर रॉकेट आणि लेव्हल वन: सोलापुरातून येणारे नेहमीचे प्रश्न

मी सोलापूरची. नोकरीसाठी काही वर्षं अमेरिकेत होते, तिथे हाय-पॉवर रॉकेट उडवण्याच्या प्रमाणपत्राची पहिली पातळी, म्हणजे लेव्हल वन, पास केली. तीही दुसऱ्या प्रयत्नात. परत आल्यापासून एमएसला निघालेली मुलं, त्यांचे आई-बाबा आणि शाळेतले शिक्षक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. प्रश्न ज्याचे त्याच्या शब्दांत ठेवलेत, फक्त पाल्हाळ कापलं आहे.

१. हाय-पॉवर रॉकेट म्हणजे दिवाळीचंच रॉकेट, फक्त मोठं?

नाही. दिवाळीचं रॉकेट वर जातं, फुटतं, काडी कुणाच्या तरी गच्चीवर पडते आणि विषय संपतो. छंदाचं रॉकेट पॅराशूटवर खाली आलं पाहिजे आणि नवी मोटर, म्हणजे इंधन भरलेली नळी, घालून पुन्हा उडालं पाहिजे.

‘हाय-पॉवर’ ठरतं ते मोटरच्या एकूण आवेगावरून, म्हणजे तिचा जोर गुणिले तो टिकतो तेवढा वेळ. तो न्यूटन-सेकंदात मोजतात आणि त्याला इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. अक्षर एकाने पुढे सरकलं की कमाल मर्यादा दुप्पट होते. जी वर्ग १६० न्यूटन-सेकंदांपर्यंत, एच ३२० पर्यंत, आय ६४० पर्यंत. एचपासून पुढे हाय-पॉवर. (आपल्याकडे ‘एच’ म्हटलं की आधी व्हिसा आठवतो. त्याचा इथे संबंध नाही.)

२. प्रमाणपत्र कोण देतं? एकूण पातळ्या किती?

अमेरिकेत दोन संस्था देतात. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजे एनएआर, १९५७ सालची आणि ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन १९६४ सालची. एकीचं प्रमाणपत्र दुसरी मानते. पातळ्या तीन: पहिलीत एच आणि आय मोटर, दुसरीत जे, के, एल, तिसरीत एम, एन, ओ. दुसरीला लेखी परीक्षा असते, तिचा प्रश्नसंच आधीच जाहीर केलेला असतो. तिसरीत रॉकेटचा आराखडा जाणकारांकडून आधी तपासून घ्यावा लागतो आणि पॅराशूट उघडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दुहेरी लागते. इथून पुढे मी पहिलीबद्दलच लिहिते, कारण विचारणारे सगळे तिथेच उभे आहेत.

३. ताई, सोलापुरात राहून लेव्हल वन होईल का?

सरळ उत्तर: मी तरी कुणाला तसा सल्ला देत नाही. अडचण मोटरची आहे. रॉकेटचं घन इंधन आपल्याकडे स्फोटकांच्या कायद्यात येतं. १८८४चा स्फोटक अधिनियम, २००८चे स्फोटक नियम आणि परवान्यांसाठी पेसो, ही केंद्र सरकारची स्फोटकांवर देखरेख करणारी संस्था, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. छंदासाठी एखाद्या मुलाने एच मोटर कुरिअरने मागवणं हा प्रकार इथे नाही. त्यात होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ पासून पुन्हा प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. म्हणजे शहराच्या आसपासचं आकाश आता रिकामं नाही.

विद्यार्थ्यांच्या संघासाठी वेगळी वाट आहे. इन-स्पेस या सरकारी संस्थेने देशात विद्यार्थ्यांच्या मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतल्या आहेत. तिथे जागा, मोटर, परवानगी सगळं आयोजकांच्या देखरेखीखाली असतं. कॉलेजमार्फत त्यात उतरा. परदेशी शिकायला जाणार असाल तर प्रमाणपत्र तिकडच्या क्लबात करा. तयारी मात्र बरीचशी इथेच होते, ती कशी ते प्रश्न ६ मध्ये.

४. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एवढं दारूकाम चालतं. मग आमच्या एका रॉकेटचंच काय वाकडं?

हा प्रश्न दर जानेवारीत येतो आणि विचारणाऱ्याचा सूर नेहमी थोडा दुखावलेला असतो. सिद्धेश्वराच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम करणारे लोक त्याच कामातले असतात, बंदोबस्त असतो, अग्निशमनची गाडी उभी असते. शिवाय तिथला बाण थोड्या उंचीवर जाऊन संपतो. तुमचं दीड किलोचं रॉकेट चारशे मीटर वर जाणार आणि छत्री उघडली नाही तर दीड किलोनेच खाली येणार, कुणाच्या डोक्यावर ते आधी सांगता येत नाही.

५. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने. साखर आणि सोऱ्याचं इंधन घरी केलं तर?

करू नका. प्रमाण विचारू नका, मी सांगणार नाही. घरी इंधन शिजवताना हात-तोंड भाजून घेणाऱ्यांची या छंदाच्या इतिहासात कमतरता नाही. कायद्याचं प्रश्न ३ मध्ये लिहिलंच आहे. आणि ज्यासाठी हा खटाटोप, ते प्रमाणपत्रही त्यातून मिळत नाही: लेव्हल वनला कारखान्यात बनलेली, तपासून मान्य झालेली मोटरच लागते.

६. मग इथे बसून करायचं काय? नुसते व्हिडिओ बघायचे?

मोटर सोडून सगळं. आराखडा, सांगाडा, पंख, नाक, पॅराशूट, वजनाचा तोल. मी ज्या रॉकेटने पास झाले त्याचे पंख अक्कलकोट रोडच्या एका सुताराने कापले होते. उडवायची हौस पाण्याच्या रॉकेटवर भागवा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप, चार-पाच बार दाबापर्यंत हवा. शाळेचं मोकळं मैदान, मुख्याध्यापकांची परवानगी, सोडताना लांब दोरी. बाटली प्रत्येक वेळी तपासा, पांढरी रेघ किंवा चीर दिसली की ती भंगारात. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे मोकळं माळरान दिसतं म्हणून तिकडे जायचं मनातही आणू नका.

७. पीव्हीसी पाइप चालेल का? कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतो.

नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पाइपही नाही. सुरक्षा नियम कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक, फायबरग्लास अशी हलकी सामग्री मागतात आणि धातू लागलाच तर मऊ, तोही गरजेपुरता. पीव्हीसी फुटलं की त्याच्या धारदार कपच्या होतात. पहिल्या रॉकेटला जाड कागदी नळी उत्तम. साधारण दहा सेंटिमीटर व्यासाची नळी आणि आत ३८ मिलिमीटरची मोटरनळी, हा नेहमीचा मेळ. साडीच्या किंवा कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी बऱ्याच जणांना सुचते. सरावाला ठीक आहे, पण ती गोल आहे का आणि नाक तिच्यात सरळ बसतं का ते पाहा. बहुतेक दबलेल्या असतात.

८. पंख पक्के कसे बसवायचे? आमचे दोनदा हातात आले.

बाहेरून चिकटवलेत, म्हणून. पंखाचं मूळ नळीला पाडलेल्या खाचेतून आत जाऊन थेट मोटरनळीला टेकलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक पंख दोन ठिकाणी धरला जातो. सहा मिलिमीटरचं चांगलं बर्च प्लाय घ्या. फर्निचरच्या स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ्या असतात, त्या कापल्यावरच कळतात.

चिकटवायला संथ सुकणारा इपॉक्सी. त्याआधी नळीचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर इपॉक्सी फक्त वरच्या तकाकीला धरतो आणि तकाकीसकट सुटतो. पंख आणि नळीच्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली गोलसर भर द्या. आणि हे सोलापुरातल्यांसाठी खास: मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. पाकिटावर तीस मिनिटं लिहिलेला इपॉक्सी बेचाळीस अंशांत वाटीतच गरम होऊन घट्ट होतो. पहाटे करा, थोडा थोडा कालवा.

९. रॉकेट सरळ जाईल हे उडवण्याआधी कसं कळणार?

दोन बिंदू शोधायचे. गुरुत्वमध्य, म्हणजे मोटरसकट पूर्ण भरलेलं रॉकेट बोटावर जिथे तोलतं तो. आणि दाबमध्य, जिथे हवेचा सगळा जोर एकवटतो असं मानता येतं तो. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला हवा, निदान नळीच्या एका व्यासाएवढा. दहा सेंटिमीटरच्या नळीला दहा ते वीस सेंटिमीटर. दाबमध्य काढायची रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात मांडली. आता ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर ते आकडे क्षणात देतं.

फक्त सॉफ्टवेअरला खरं वजन द्या. मुलं पंखांचं वजन अंदाजे टाकतात, इपॉक्सी आणि रंग विसरतात. हे दोन्ही मागच्या टोकाला साचतात आणि तोल मागे सरकतो. किराणा दुकानातला काटा आणा, प्रत्येक भाग मोजा. दोन्ही बिंदू रॉकेटवर मार्करने लिहा, तपासणारा ते विचारतोच.

१०. मोटरवर ‘एच१२८-१०’ असं काहीतरी असतं. कसं वाचायचं?

एच हा वर्ग, प्रश्न १ पाहा. १२८ म्हणजे सरासरी जोर १२८ न्यूटन. शेवटचे १० म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलणारा दारूचा छोटा बार उडेपर्यंतचे सेकंद.

मधल्या आकड्याला एक सोपी कसोटी आहे: सरासरी जोर वजनाच्या निदान पाचपट. दीड किलोच्या रॉकेटचं वजन साधारण १५ न्यूटन, म्हणजे ७५च्या वर हवेत. १२८ म्हणजे भरपूर झाले. शेवटच्या आकड्याकडे मात्र लोक बघत नाहीत आणि तिथेच मार खातात. बार उड्डाणाच्या शिखराला उडायला हवा. उशीर झाला तर रॉकेट वेगाने खाली येत असताना छत्री उघडते आणि झटक्याने दोरी नळी उभी चिरत जाते, चेन उघडल्यासारखी. त्याला तिकडे ‘झिपर’च म्हणतात. ओपनरॉकेट योग्य सेकंद सांगतं, आणि बऱ्याच मोटरींचा उशीर छोट्या साधनाने कमी करता येतो. वाढवता येत नाही.

११. पॅराशूट किती मोठं?

खाली येण्याचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर राहील एवढं. साडेपाच मीटरचा वेग म्हणजे रॉकेट दीड मीटरवरून, तुमच्या खांद्याच्या उंचीवरून हातातून सुटल्यासारखं जमिनीवर येणं. पंखांना तेवढं सोसतं. दीड किलोला साधं सपाट पॅराशूट असेल तर व्यास सुमारे १.२ मीटर.

मग मोठंच का नको? वाऱ्यामुळे. पाचशे मीटरवरून या वेगाने यायला दीड मिनिट लागतं. सेकंदाला पाच मीटरचा वारा असेल तर तेवढ्यात रॉकेट साडेचारशे मीटर वाहून जातं. दोन मीटरची छत्री लावली की शेजारच्या तालुक्यात जाऊन शोधा.

माझं पॅराशूट शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका काकांनी शिवलं. अष्टकोनी, पातळ रिपस्टॉप नायलॉनचं. काका आधी हसले, मग कापड हातात घेऊन म्हणाले, “हे उसवणार बघ, कडा दुमडून घ्यायला पाहिजे.” शर्टाच्या बाजूला घालतात तशी दुहेरी दुमडलेली शिलाई त्यांनी प्रत्येक कडेला घातली आणि दोऱ्या नुसत्या टोकाला न टाचता कापडावरून आरपार नेल्या, म्हणजे ओढ शिवणीवर न येता दोरीवर येते. मी सांगितलेलं नव्हतं. दीड किलो ज्वारीची पिशवी बांधून आम्ही ते दुमजली गच्चीवरून सोडलं, मोबाइलवर चित्रण केलं आणि वेग मोजला. तिसऱ्या खेपेला पिशवी फुटली, कबुतरांची चंगळ झाली, पॅराशूटला काही झालं नाही.

१२. सोलापुरी चादरीचं पॅराशूट? गंमत नाही, खरंच विचारतोय.

खरंच उत्तर देते. चादर जड, सुती, घडी केली की जाडजूड. नळीत मावणार नाही, मावली तर निघणार नाही. चाटी गल्लीत पातळ नायलॉन विचारा. सरावापुरतं पावसाळी छत्रीचं कापडही चालतं.

१३. तुमचं पहिलं रॉकेट का पडलं?

नाकामुळे. सोलापुरात, उन्हाळ्यात, रंगाचे दोन हात जास्त दिले. नाकाचा जो भाग नळीत सरकतो त्यावर रंगाचा एक बारीक ओघळ राहिला. घरी बसवून पाहिलं तर नाक छान सरकत होतं. आपल्या कोरड्या हवेत कागदी नळीही सुकलेली होती. तिकडे मैदानावर सकाळी दव पडलेलं, नळीने ओल धरली आणि जराशी फुगली. रॉकेट झकास गेलं. शिखरावर पांढरा धूर दिसला, म्हणजे बारही वेळेवर उडाला. नाक निघालंच नाही. मग ते भाल्यासारखं खाली आलं आणि नळीचा पुढचा भाग वीतभर मातीत गेला. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी फावडं आणून दिलं. ते त्यांच्या गाडीत कायम असायचं, यावरून काय ते समजा.

तेव्हापासून उडवायच्या दिवशी, मैदानावर, भरलेलं रॉकेट नाकाला धरून उचलते. हळू उचललं तर नाक सुटू नये, जरा हलवलं की सुटावं. घट्ट असेल तर पॉलिश पेपर, सैल असेल तर कागदी चिकटपट्टीचा एक वेढा. घरी तपासलेलं धरायचं नाही.

१४. चाचणीच्या दिवशी नेमकं काय होतं?

लेखी पेपर नसतो. अधिकृत तपासणारा रॉकेट हातात घेतो, पंख हलवून बघतो, दोरीच्या गाठी ओढतो. गुरुत्वमध्य कुठे, मोटर पुढे-मागे सरकू नये म्हणून काय केलंय, असं तोंडी विचारतो. रॉकेट तुम्हीच बांधलेलं हवं. मग ते उभ्या दांडीवर चढवायचं, पेटवणारी तार सगळ्यात शेवटी जोडायची. एच किंवा आय मोटरला माणसं निदान शंभर फूट, म्हणजे तीस मीटर लांब. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर उड्डाण नाही. बटण दाबूनही पेटलं नाही तर सुरक्षेची किल्ली काढायची आणि पूर्ण एक मिनिट कुणी जवळ जायचं नाही. हा मिनिट फार लांब वाटतो, पण घड्याळ बघत थांबायचं.

१५. नापास कशाने होतो?

वेडंवाकडं उड्डाण, पॅराशूट न उघडणं किंवा गुंतणं, मोटरचं कवच हवेत गळून पडणं, रॉकेट न सापडणं आणि दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा उडणार नाही असं नुकसान. पंख मोडला तर गेलं. रंगाचा टवका उडाला तर चालतं. उंचीला गुण नाहीत. चारशे मीटर गेलेलं आणि हजार मीटर गेलेलं सारखंच पास होतं, म्हणून लहान मोटर घ्या आणि रॉकेट नजरेच्या टप्प्यात ठेवा.

ट्रायपोलीत एक सवलत आहे. नीट उतरल्यावर वाऱ्याने छत्री फुगून रॉकेट फरफटत गेलं आणि त्यात खरचटलं, तर ते नुकसान धरत नाहीत.

१६. उतरताना विजेच्या तारेत अडकलं तर? पास की नापास?

आधी हे: काढायला जायचं नाही. बांबू नाही, दगड नाही, काही नाही. एनएआरच्या नियमात याची सोय आहे. रॉकेट परत आणून दाखवायचं असतं, पण असं अडकलेलं असेल आणि तपासणाऱ्याला ते जागेवरच नीट पाहता आलं तर चालतं. म्हणजे रॉकेट गमावूनही पास होता येतं. दिसलंच नाही तर मात्र प्रश्न १५.

१७. मुलगी सोळाची आहे, मावशीकडे अमेरिकेत जाणार आहे. तिला करता येईल?

पूर्ण लेव्हल वन अठरानंतर. त्याआधी एनएआरमध्ये १४ ते १७ वयाच्या मुलांसाठी आणि ट्रायपोलीत १२ ते १७ साठी, मोठ्या प्रमाणित सभासदाच्या देखरेखीखाली उडवण्याची वेगळी योजना आहे. मोटर त्या मोठ्या माणसाच्या ताब्यात राहते.

१८. इथे बांधलेलं रॉकेट विमानातून नेता येतं? विमानतळावर काय सांगायचं?

खरं ते सांगायचं. सुटं करून, नळ्यांत कपडे भरून, मोठ्या बॅगेत. मी वर ओपनरॉकेटचा छापलेला आराखडा ठेवला होता. तपासणीत तो उघडून बघितला आणि पुढे सोडलं. मोटर आणि पेटवायच्या तारा कुठल्याच बॅगेत नाहीत, त्या तिथेच घ्यायच्या. अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारं यंत्र, नेत असाल तर त्याची लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत. (लेव्हल वनला अल्टिमीटर लागत नाही.) येताना मात्र जपा: एकदा उडालेल्या नळीला दारूची काजळी असते आणि स्फोटकांची तपासणी करणारी यंत्रं ती ओळखू शकतात. माझं रॉकेट मी तिथेच क्लबातल्या एका मुलाला देऊन आले, फक्त पॅराशूट धुऊन आणलं.

१९. जी मोटर स्वस्त. तिच्यावर लेव्हल वन नाही का होणार?

नाही, चाचणी एच किंवा आयवरच. उलट बाजू जास्त गमतीची आहे: काही जी मोटरीच विना-प्रमाणपत्र मिळत नाहीत. सरासरी जोर ८० न्यूटनांच्या वर गेला किंवा इंधन १२५ ग्रॅमच्या वर गेलं, तर अक्षर काहीही असो, ती हाय-पॉवर धरतात. दुकानात ‘जी आहे ना’ म्हणून हुज्जत घालू नका.

२०. प्रमाणपत्र घेऊन सोलापूरला परत आलो. आता उडवता येईल?

त्या कार्डाला इथे परवान्याची किंमत नाही, प्रश्न ३ जसाच्या तसा लागू. आणि तिकडेही ते सभासदत्व चालू असेपर्यंतच चालतं. वर्गणी थांबली की पातळी झोपते, पुन्हा भरली की जागी होते. माझी सध्या झोपलेली आहे. पॅराशूट गणवेशवाल्या काकांच्या दुकानात खिळ्याला टांगलंय. शिवायला टाकायच्या आधी कडा आणि दोऱ्या कशा घेतल्यात ते तिथे जाऊन बघा, ते दाखवतात.